तुर्कमेनिस्तान : प्राचीन स्थळे व लोकजीवन

तुर्कमेनिस्तान हा कॅस्पियन समुद्राच्या पूर्वेस वसलेला मध्य आशियातील वाळवंटी देश. क्षेत्रफळ सुमारे ४,९१,२०० चौ. किमी., म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपटीहून थोडे जास्त. दक्षिणेस इराण व अफगाणिस्तान, उत्तरेस व पूर्वेस उझबेकिस्तान आणि वायव्येस कझाकस्तान असे शेजार. राजधानी अश्गाबात. देशाचा सुमारे सत्तर टक्के भाग काराकुम वाळवंटाखाली आहे. काराकुम म्हणजे काळी वाळू, पण पाहायला जावे तर ती करडी-पिवळी दिसते. सोव्हिएत संघाचा हा भाग २७ ऑक्टोबर १९९१ रोजी स्वतंत्र झाला आणि १२ डिसेंबर १९९५ रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्याच्या कायम तटस्थतेला मान्यता दिली. परदेशी प्रवाशांची संख्या येथे फार कमी असते. जे येतात ते मुख्यतः मर्व, कुन्या उर्गेंच, निसा व गोनुर देपे येथील अवशेष, गालिचे, घोडे आणि वाळवंटातील जळते विवर पाहायला येतात.

या देशाचा इतिहास समजून घ्यायचा तर आधी त्याच्या नद्या पाहाव्या लागतात. अफगाणिस्तानातून उतरणाऱ्या मुर्गाब आणि तेजेन या नद्या समुद्रापर्यंत पोहोचतच नाहीत. पंख्यासारख्या पसरत त्या काराकुमच्या वाळूत जिरून जातात. या आतल्या त्रिभुज प्रदेशांत, कोपेतदाग डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्यांवर आणि उत्तरेला आमू दर्याच्या काठी वस्ती झाली. नदीचा फाटा सरकला की वस्तीही सरकत असे. त्यामुळे प्राचीन शहरांचे थर येथे नेहमी एकावर एक सापडतात असे नाही. अनेकदा ती एकमेकांशेजारी पडलेली आढळतात, आणि पाहणाऱ्याला काळ ओलांडण्यासाठी खोल उतरावे लागत नाही, चालावे लागते. बांधकाम बहुतेक सगळे कच्च्या विटांचे. पडक्या वस्तीच्या टेकाडाला तुर्कमेनी भाषेत 'देपे' म्हणतात. आपल्याकडील पांढरीच्या टेकाडाला हा शब्द नेमका लागू पडतो. अशा देप्यांनी हा देश भरलेला आहे. अश्गाबातजवळच्या जेयतून येथे इ. स. पू. सहाव्या सहस्रकातील शेतकरी वस्ती सापडली, तर अनाऊ येथील टेकाडे अमेरिकन संशोधक राफाएल पंपेली यांनी १९०४ मध्येच खणली होती.

गोनुर देपे हे या टेकाडांपैकी सर्वांत थक्क करणारे. मरी शहराच्या उत्तरेला, आज पूर्ण निर्जल असलेल्या भागात, इ. स. पू. सुमारे २३०० ते १६०० या काळात येथे राजवाडा, तटबंदी, तलाव आणि मोठी दफनभूमी होती. व्हिक्टर सारियानिदी (१९२९–२०१३) यांनी १९७० च्या दशकापासून अखेरपर्यंत येथे उत्खनन केले. राजघराण्याच्या थडग्यांत चाकांना ब्राँझच्या पट्ट्या मारलेले गाडे निघाले, पुरलेले प्राणी निघाले आणि सोन्याचांदीची भांडी निघाली. भारतीय वाचकाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी वस्तू मात्र छोटीशी आहे : हत्तीचे चित्र आणि सिंधू लिपीतील अक्षरे असलेली मुद्रा. मोहेंजोदडोचा व्यापार बलुचिस्तान व अफगाणिस्तान ओलांडून मुर्गाबच्या मुखापर्यंत पोहोचत होता याचा हा पुरावा. सारियानिदींचा दुसरा दावा अधिक गाजला. येथील व शेजारच्या तोगोलोक येथील देवळांत सोम (इराणी 'हओम') गाळला जात असे, असे ते सांगत. भांड्यांतील अवशेषांच्या नंतर झालेल्या स्वतंत्र तपासणीत त्याला दुजोरा मिळाला नाही. तरीही हा दावा पर्यटकांना आजही ठामपणे सांगितला जातो. ऐकून घ्यावा, पण धान्य चाळावे तसा चाळून घ्यावा. मुर्गाबचे पाणी दक्षिणेकडे मागे हटले तशी गोनुरची माणसेही हटली, आणि पुढच्या हजार वर्षांत प्रदेशाचे केंद्र मर्वला गेले.

निसा : अश्गाबातपासून सुमारे १८ किमी.वर बागीर गावाजवळ पार्थियन (प्राचीन इराणी घराणे) राजांचा हा किल्ला आहे. पहिला मिथ्रिदातेस (इ. स. पू. १७१–१३८) याच्या नावावरून त्याला मिथ्रदातकिर्त म्हणत. येथून हस्तिदंताची शृंगपात्रे मिळाली. शिंगाच्या आकाराच्या या पेल्यांच्या कडेवर ग्रीक देवदेवता कोरल्या आहेत, म्हणजे इराणी राजांच्या मेजवानीत ग्रीक पुराणकथा हातोहात फिरत होत्या. अडीच हजारांहून अधिक लेखयुक्त खापरेही सापडली. त्यांत विजयगाथा किंवा राजाज्ञा असतील म्हणून पाहावे, तर बहुतेक नोंदी कोणत्या मळ्यातून किती द्राक्षमद्य आले याच्या. साम्राज्यांचे खरे दप्तर असेच असते. पार्थियनांना आपल्या परंपरेत 'पह्लव' म्हटले गेले. नाशिकच्या पांडवलेण्यांतील गौतमी बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्र सातकर्णीला 'शक-यवन-पह्लवांचा संहार करणारा' असे बिरुद आहे, त्यातले पह्लव हेच नाव. त्या शाखा निसापासून फार दूर, भारताच्या वायव्येत राज्य करत होत्या. पण नावाचे मूळ या डोंगरपायथ्याशी पोहोचते. निसाचे किल्ले २००७ मध्ये जागतिक वारसा यादीत आले.

मर्व : तुर्कमेनिस्तानात एकच स्थळ पाहायला सवड असेल तर ते मर्व असावे. मरी शहरापासून तीसेक किमी.वर, बायरामअली गावालगत, हजार हेक्टरांच्या परिसरात येथे निदान चार तटबंद शहरे शेजारी-शेजारी पडली आहेत. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथात हा प्रदेश 'मोउरु' म्हणून येतो, तर इराणी सम्राट पहिला दारियस याच्या बेहिस्तून येथील शिलालेखात 'मर्गुश' म्हणून. इ. स. पू. सहाव्या शतकातील एर्क काला हा गोलसर बालेकिल्ला सर्वांत जुना. त्याला पोटात घेऊन अलेक्झांडरचा सेनापती सेल्यूकस याचा मुलगा पहिला अँटायोकस याने चौकोनी शहर वसवले, ते ग्यावूर काला. त्याच्या पश्चिमेला सेल्जुक या मध्ययुगीन तुर्की घराण्याचे सुलतान काला आणि दक्षिणेला पंधराव्या शतकात तैमूरचा मुलगा शाहरुख याने वसवलेले अब्दुल्लाखान काला.

ग्यावूर कालाच्या आग्नेय कोपऱ्यात बौद्ध स्तूप व विहाराचे अवशेष सापडले. तेथे मिळालेल्या एका रंगीत कुंभावर मेजवानी, शिकार, आजारपण आणि अंत्ययात्रा अशी एका सरदाराच्या आयुष्याची चित्रे आहेत, आणि त्याच्या आत भूर्जपत्रावरील संस्कृत बौद्ध हस्तलिखिते होती. बौद्ध धर्म पश्चिमेकडे जेथवर पोहोचला त्याच्या अगदी कडेचा हा टप्पा. इ. स. १४८ मध्ये चीनच्या लोयांगला जाऊन बौद्ध ग्रंथांची भाषांतरे करणारा आन शिगाओ हा भिक्षू पार्थियन राजपुत्र होता, असे चिनी परंपरा सांगते. कुंभ आता अश्गाबातच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मर्वला जाण्याआधी तो पाहिलेला बरा, कारण जागेवर स्तूपाचा केवळ मातीचा उंचवटा उरला आहे.

इराणचा शेवटचा सासानी सम्राट तिसरा यज्दगर्द ६५१ मध्ये अरबांपासून पळत मर्वला आला आणि एका चक्कीवाल्याच्या हातून मारला गेला, अशी कथा आहे. शंभर वर्षांच्या आत अबू मुस्लिमने उमय्या खिलाफतीविरुद्ध काळी निशाणे मर्वच्याच परिसरात उभारली. पुढे खलीफा मामून काही वर्षे बगदादऐवजी येथूनच कारभार पाहत होता. या साऱ्या वैभवाखाली मुर्गाबवरचा बंधारा आणि त्यातून निघालेले पाट होते. पाटांच्या देखभालीसाठी खास अधिकारी आणि मोठा नोकरवर्ग असे, आणि हा पाण्याचा अधिकारी शहराच्या मुख्य अधिकाऱ्यापेक्षा वजनदार असे वर्णन दहाव्या शतकातील अरब भूगोलकार करतात. खानदेशातील फड पद्धतीचे पाटकरी ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वजन समजेल.

सेल्जुक सुलतान संजर (कारकीर्द १११८–११५७) याच्या काळात शहर भरात होते. त्याची कबर हे मर्वचे मुख्य आकर्षण : २७ मी. बाजूची चौकोनी इमारत, वर दुहेरी घुमट, एकूण उंची सुमारे ३८ मी. वास्तुविशारद सरख्सचा मुहम्मद इब्न अत्सीझ. बाहेरच्या घुमटावर निळा मुलामा होता आणि काफिल्यांना तो एक दिवसाच्या वाटेवरून दिसे, असे याकूत या भूगोलकाराने लिहून ठेवले आहे. याकूतचे मर्वशी नाते घुमटापेक्षा पुस्तकांमुळे जुळले. येथे दहा ग्रंथालये होती. आपल्या घरी एकाच वेळी दोनशेच्या वर पुस्तके असत आणि बहुतेकांसाठी अनामत ठेवावी लागत नसे, असे तो कृतज्ञतेने सांगतो. मंगोल जवळ येऊ लागले तेव्हा त्याने शहर सोडले. १२२१ मध्ये चंगीझखानाचा मुलगा तोलुई याने मर्व लुटून कत्तल केली. मृतांची संख्या सात लाख, तेरा लाख अशी जुन्या इतिहासकारांनी दिली आहे. हे आकडे त्या काळच्या कोणत्याही शहराच्या मानाने अतिशयोक्त वाटतात, पण शहर पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही हे खरे.

कबरीविषयी एक लोककथा मार्गदर्शक हमखास सांगतात. संजरची राणी परी होती. केस विंचरताना आपल्याकडे पाहायचे नाही, चालताना पायांकडे पाहायचे नाही, कमरेला मिठी मारायची नाही, या अटींवर तिने लग्न केले. सुलतानाने अटी मोडल्या आणि ती उडून गेली. शंतनू आणि गंगेची गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याला शेवट आधीच कळतो.

मर्वमधील सर्वांत देखणी इमारत माझ्या मते संजरची कबर नसून 'मोठा किझ काला' ही तटाबाहेरची गढी आहे. तिच्या कच्च्या विटांच्या भिंती अर्धगोल खांब एकमेकांना चिकटवून ठेवावेत तशा पन्हाळीदार आहेत. किझ काला म्हणजे मुलींचा किल्ला; शत्रू येताच चाळीस मुलींनी वरून उड्या घेतल्या, अशी दंतकथा जोडली जाते. शेजारचा छोटा किझ काला जवळजवळ ढासळला आहे. दोन्हींच्या पायथ्याशी विटा कुरतडल्यासारख्या दिसतात, आणि त्याचे कारण पाणी हेच आहे. १९५४ मध्ये सुरू झालेला, सुमारे १,३७५ किमी. लांबीचा काराकुम कालवा आमू दर्याचे पाणी मर्वच्या आसपासच्या कापूसशेतांना देतो. त्यामुळे भूजल वर आले, मीठ भिंतींत चढले आणि सुकताना ते विटा फोडू लागले. अठराव्या शतकाच्या शेवटी बुखाऱ्याच्या फौजेने मुर्गाबचा बंधारा फोडला तेव्हा पाणी गेल्यामुळे उरलेसुरले मर्व ओस पडले होते. आता पाणी परत आल्यामुळे अवशेष झिजत आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे संशोधक १९९० च्या दशकापासून स्थानिक तज्ज्ञांबरोबर येथे काम करत आहेत. झिजलेल्या पायथ्याला नव्या कच्च्या विटांचा आधार देणे हा त्यांच्या उपायांपैकी एक. तोच कालवा अरल समुद्र आटण्याच्या कारणांतही मोजला जातो. मर्व १९९९ मध्ये जागतिक वारसा स्थळ झाले. देशातील ते पहिले.

कुन्या उर्गेंच : देशाच्या उत्तर टोकाला, उझबेक सीमेजवळ, ख्वारिझमची जुनी राजधानी. अल-बेरुनी येथील दरबारात होता. १०१७ मध्ये गझनीच्या महमूदाने ख्वारिझम घेतले, बेरुनीला गझनीस नेले, आणि त्यातूनच पुढे त्याचा भारताविषयीचा ग्रंथ लिहिला गेला. मंगोलांनी १२२१ मध्ये हे शहर उद्ध्वस्त केले, ते पुन्हा उभे राहिले, आणि १३८८ मध्ये तैमूरने पाडून त्या जागी जव पेरल्याचे सांगतात. मधल्या उभारीच्या काळात, १३३३ च्या सुमारास, इब्न बतूता येथे आला. बाजारात इतकी गर्दी होती की पुढेही जाता येईना आणि मागेही, असे त्याचे वर्णन आहे. येथील खरबुजांच्या फोडी वाळवून भारतात विकायला जातात, हेही तो सांगतो. पुढे हाच प्रवासी दौलताबादेस आला आणि मराठ्यांविषयी लिहून गेला. आजही ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी तुर्कमेनिस्तानात खरबुजाचा राष्ट्रीय सण असतो.

आज उर्गेंचच्या माळावर सुमारे ६० मी. उंचीचा कुतलुग तैमूरचा किंचित कललेला मिनार एकटाच उभा दिसतो. शेजारी तुराबेक खानम हिची कबर आहे. तिच्या घुमटाच्या आतील फरशीकामाचे ३६५ तुकडे वर्षाचे दिवस दाखवतात, असे सांगितले जाते; मोजत बसण्यापेक्षा मान वर करून पाहत राहावे असे ते काम आहे. किर्क मोल्ला (चाळीस मुल्ला) नावाच्या टेकाडावरून मूल होण्यासाठी स्त्रिया आडव्या होऊन गडगडत खाली येतात. सूफी संत नजमुद्दीन कुब्रा यांच्या दर्ग्यापाशी चिंध्या बांधलेल्या असतात. येथे लक्षात येते की तुर्कमेनी माणसाच्या लेखी ही पुरातत्त्वीय स्थळे नाहीत. ती जियारतीची ठिकाणे आहेत. पश्चिमेकडील पाराव बीबीच्या ठाण्यावर तर छोटे पाळणे वाहिलेले दिसतात. नवसाचे पाळणे आपल्याला नवे नाहीत. कोपेतदागमधील नोहुर गावात कबरींच्या खांबांवर डोंगरी बोकडाची शिंगे लावतात. दुष्ट शक्ती दूर ठेवण्यासाठी ती असतात अशी समजूत आहे.

लोकजीवन : शहरे मातीत गेली, पण तुर्कमेनी जमाती फिरस्त्या होत्या आणि त्यांनी आपली कला उंटावर लादता येईल अशीच ठेवली. त्यांचे पारंपरिक घर 'गारा ओय' म्हणजे काळे घर : लाकडी जाळीच्या सांगाड्यावर लोकरीचा नमदा. त्यात लाकडी फर्निचर जवळजवळ नसेच. दाराचा पडदा, कपड्यांची पोती, मिठाची पिशवी, नवरीच्या उंटाची झूल, सगळे विणलेले. म्हणजे ज्याला आपण गालिचा म्हणतो ते त्यांचे कपाट, दार आणि दागिना होते. रंग मुख्यतः मंजिष्ठेचा लाल. आत ओळीने येणाऱ्या अष्टकोनी आकृतीला 'ग्योल' म्हणतात. प्रत्येक जमातीचा ग्योल वेगळा. तेके, योमुत, एर्सारी, चौदूर आणि सारिक यांचे पाच ग्योल देशाच्या राष्ट्रध्वजावर आहेत. विणले हे सारे तुर्कमेनी बायकांनी, पण बुखाऱ्याच्या बाजारात विकले जाई म्हणून जगभर नाव झाले 'बुखारा गालिचा'. तो रोष तेथील लोक आजही बोलून दाखवतात. तुर्कमेनी गालिचेविणकामाला २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत स्थान मिळाले.

घोड्यांत अहल-तेके ही जात : सडपातळ, लांब मानेची, अंगावर धातूसारखी चकाकी. १९३५ मध्ये स्वारांनी या घोड्यांवरून अश्गाबात ते मॉस्को हे सुमारे ४,३०० किमी. अंतर ८४ दिवसांत पार केले. त्यातील मोठा टप्पा वाळवंटाचा होता. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये 'अबसेंट' नावाच्या अहल-तेके घोड्यावर ड्रेसाजचे (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचे) सुवर्णपदक मिळाले. देशाच्या राजमुद्रेवर घोडा आहे आणि एप्रिलच्या शेवटच्या रविवारी घोड्यांचा सण असतो. शर्यती व संचलन पाहायचे असेल तर तोच मुहूर्त.

गाण्याचा मान 'बख्शी'कडे. दुतार या दोन तारांच्या वाद्यावर तो गोरोग्ली या वीराची महाकथा गातो, मध्येच गद्यात सांगतो, पुन्हा गाण्यावर येतो. शाहिराचा पोवाडा ज्याने ऐकला आहे त्याला भाषा न कळताही रचना कळते. अठराव्या शतकातील कवी मखतुमकुली याची कवने बख्शींच्याच तोंडी राहिली, आणि आज तो राष्ट्रकवी आहे.

पाहुण्यापुढे प्रथम 'साचाक' हे कापड अंथरून त्यावर चोरेक ठेवतात. चोरेक ही मातीच्या भट्टीत भाजलेली जाड गोल रोटी. ती सुरीने कापत नाहीत, हाताने मोडतात आणि उलटी ठेवत नाहीत. सोबत प्रत्येकाला वेगळ्या किटलीत हिरवा चहा. उंटिणीच्या आंबवलेल्या दुधाला 'चाल' म्हणतात. आंबट आणि फेसाळ असते, पहिल्या घोटाला सवय नसते. शाकाहारी प्रवाशाची मात्र येथे पंचाईत होते, कारण पुलावापासून 'इश्लेक्ली' या सारण भरलेल्या जाड रोटीपर्यंत सगळीकडे मटण असते. खेड्यांत विवाहित स्त्रिया सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर डोक्यावरच्या रुमालाचे टोक दातांत धरतात. याला याशमाक म्हणतात. नौरोजच्या आधी मोड आलेल्या गव्हाचा 'सेमेनी' रात्रभर ढवळत शिजवला जातो आणि तेवढ्या रात्री बायकांच्या गप्पांना व गाण्यांना मोकळे रान मिळते.

प्रवास : पर्यटक व्हिसासाठी आजवर स्थानिक संस्थेमार्फत निमंत्रणपत्र लागत आले आहे, आणि अश्गाबातबाहेर फिरताना मार्गदर्शक सोबत असतो. सरकारी इमारतींची छायाचित्रे काढण्यास मनाई केली जाते. अश्गाबात ६ ऑक्टोबर १९४८ च्या भूकंपात जमीनदोस्त झाले होते. आजचे शहर पांढऱ्या संगमरवराने मढवलेले आहे : २०१३ मध्ये गिनीज नोंदीत ५४३ संगमरवरी इमारती मोजल्या गेल्या. रुंद रस्ते, कारंजी आणि तुरळक माणसे, असे हे दृश्य मर्वहून आल्यावर अधिकच विचित्र वाटते. या संगमरवराचा पैसा नैसर्गिक वायूतून आला. तोच वायू भारतापर्यंत आणण्यासाठी आखलेल्या सुमारे १,८०० किमी.च्या 'तापी' (तुर्कमेनिस्तान-अफगाणिस्तान-पाकिस्तान-भारत) वायुवाहिनीचा शुभारंभ डिसेंबर २०१५ मध्ये मरीजवळ झाला, तेव्हा भारताचे उपराष्ट्रपती हमीद अन्सारी उपस्थित होते. वायू अजून भारतात पोहोचलेला नाही.

वायूचे दुसरे रूप अश्गाबातच्या उत्तरेला सुमारे २६० किमी.वर, दरवाजा येथे दिसते. सोव्हिएत काळात वायूचा शोध घेताना जमीन खचून सुमारे ७० मी. रुंदीचे विवर तयार झाले आणि त्यातील वायू पेटला. १९७१ हे साल नेहमी सांगितले जाते, पण त्याला कागदोपत्री आधार नाही. रात्री शेजारच्या यर्टमध्ये (नमद्याच्या गोल तंबूत) मुक्काम करून हे 'नरकाचे दार' पाहणे हा बहुतेक सहलींचा परमोच्च क्षण मानला जातो. अलीकडे ज्वाला बऱ्याच मंदावल्या आहेत, कारण वायू वाया जाऊ नये म्हणून आसपासच्या विहिरींतून तो काढून घेण्याचे काम चालू आहे.

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे फिरण्याचे महिने. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि हिवाळ्यात रात्री शून्याखाली. गालिचा विकत घेतल्यास तो जुना व मौल्यवान वारसा नसल्याचे तज्ज्ञ समितीचे प्रमाणपत्र सोबत ठेवावे लागते; ते नसेल तर गालिचा सीमेवरच राहतो.